संकटकाळात बोट परक्यांकडे का वळतं, आणि ते वेळीच कसं रोखायचं

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. हा तळ हवाई बेटांवरचा. त्या बेटांवर तेव्हा जपानी वंशाचे दीड लाखाहून जास्त लोक राहत होते, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक. भीतीपोटी सरसकट धरपकड कुठे व्हायचीच होती, तर ती इथे व्हायला हवी होती. प्रत्यक्षात हवाईत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांची संख्या दोन हजारांच्या आसपासच राहिली. सरसकट उचलबांगडी झाली ती जवळपास चार हजार किलोमीटर दूर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेश क्रमांक ९०६६ नंतर तिथल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार, शेती, दुकानं सोडून काटेरी तारांमागच्या छावण्यांत जावं लागलं. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. कॅलिफोर्नियात त्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या दीड टक्क्याहूनही कमी होतं.

देश एक, शत्रू एक, हल्ला एक. तरी जिथे बॉम्ब पडले तिथले लोक तुलनेने सावरून वागले आणि जिथे पडले नाहीत तिथे उच्छाद झाला. या एका गोष्टीतून मला जे शिकायला मिळालं त्यावर हा सगळा लेख उभा आहे. संकट माणसांना घाबरवतं हे खरं. पण त्या भीतीचं पुढे काय होणार हे आजूबाजूचे अलिखित नियम ठरवतात. चारचौघांत काय बोललं तर खपतं, काय केलं तर लोक मान डोलावतात, कुठल्या वाक्यावर सगळे गप्प बसतात, असे ते नियम असतात. ते माणसंच घडवतात आणि संकटाच्या पहिल्या काही दिवसांत ते फार झपाट्याने बदलतात. म्हणून लोकांची मनं बदलायच्या मागे लागण्याआधी हे नियम सांभाळायला शिकलं पाहिजे.

शिक्षक, वस्तीतले कार्यकर्ते, गृहसंस्थेचे पदाधिकारी, कारखान्यातले व्यवस्थापक, पत्रकार, किंवा ज्यांच्या शब्दाला दहा माणसांत किंमत आहे अशा कुणालाही वापरता येतील अशा पायऱ्या पुढे दिल्या आहेत.

आधी हे घडतं कसं ते समजून घ्या

मिशेल गेलफंड या सांस्कृतिक मानसशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३३ देशांतल्या ६,८०० हून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता: तुमच्या समाजात नियम किती कडक आहेत, आणि ते मोडणाऱ्याला किती खपवून घेतलं जातं? काही समाज घट्ट निघाले, काही सैल. पाकिस्तान, मलेशिया, सिंगापूर, दक्षिण कोरिया हे घट्ट बाजूला; भारताचा क्रमांकही वरचा. युक्रेन, नेदरलँड्स, ब्राझील सैल बाजूला. या फरकामागचं कारण त्यांनी इतिहासात शोधलं. ज्या समाजांनी रोगराई, दुष्काळ, नैसर्गिक आपत्ती, परचक्र आणि दाट लोकवस्ती यांचा मारा जास्त सोसला होता, तिथले नियम सहसा जास्त घट्ट होते.

यात वेडेपणा काहीच नाही. पूर आला असताना प्रत्येकाने आपल्या मनासारखं वागायचं ठरवलं तर माणसं मरतात. रांग लावणं, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहणं, पाणी मोजून वापरणं हे जमलं तर गाव तरतं. संकटात नियम आवळावेसे वाटणं ही जगण्याची जुनी सवय आहे आणि ती उपयोगाची आहे.

घोळ पुढच्या वळणावर होतो. नियम आवळले की ‘नियम पाळणारे आपण’ आणि ‘आपले नियम माहीत नसलेले ते’ अशी रेघ आपोआप ओढली जाते. नव्याने आलेला माणूस वेगळी भाषा बोलतो, वेगळं खातो, वेगळ्या दिवशी सण करतो. एरवी याकडे कुणाचं फारसं लक्षही जात नाही. घाबरलेल्या समाजाला मात्र तोच वेगळेपणा बेशिस्त वाटू लागतो. नंतरच्या संशोधनात ही साखळी अधिक स्पष्ट झाली: धोक्याची जाणीव वाढली की नियम कडक हवेत ही इच्छा वाढते आणि तिच्यासोबत परक्यांविषयीचा पूर्वग्रह वाढतो. साखळीच्या मधल्या कडीवर आपल्याला हात घालता येतो.

पायरी १: धोक्याचं वर्णन एका वाक्यात लिहा, त्यात कुठल्याही समाजाचं नाव न घेता

कागद घ्या आणि खरंच लिहा. ‘गेल्या पंधरवड्यात तापाचे रुग्ण वाढले आहेत.’ ‘कारखान्यातल्या दोन पाळ्या बंद झाल्या.’ ‘सीमेवर गोळीबार सुरू आहे.’ वाक्य समाजाचं नाव न घेता पूर्ण होत असेल तर तो धोका झाला. नाव घातल्याशिवाय वाक्य उभंच राहत नसेल, तर त्यात धोक्यासोबत एक आरोपही शिरला आहे. तो वेगळा काढून तपासायला हवा.

हे शब्दांचे खेळ वाटतील, पण नावाचा डाग पुसायला पिढ्या लागतात. १९१८ च्या साथीला जगभर ‘स्पॅनिश फ्लू’ म्हटलं गेलं. स्पेन पहिल्या महायुद्धात तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धातल्या देशांसारखी बंधनं नव्हती, म्हणून तिथल्या आजाराच्या बातम्या मोकळेपणाने छापून आल्या. खरं सांगितल्याची शिक्षा म्हणून रोगाला त्या देशाचं नाव चिकटलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नवीन रोगांना नाव देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत ठिकाणांची, लोकसमूहांची नावं टाळायला सांगितलं. आपल्या पातळीवरही हा दंडक पाळता येतो. सूचनाफलकावर, ग्रुपवर, बैठकीच्या इतिवृत्तात धोक्याचं नाव लिहायचं, माणसांचं नाही.

पायरी २: भीती कशाची आहे ते सुटं करा

वॉल्टर आणि कुकी स्टीफन यांनी मांडलेल्या सिद्धांतात दोन प्रकारचे धोके वेगळे काढलेले आहेत. एक वास्तव धोका: नोकरी, घर, शाळेतली जागा, जीव, तब्येत. दुसरा प्रतीकात्मक: आपली भाषा, श्रद्धा, रीतिरिवाज, ‘इथलं वातावरण’ बदलेल ही भीती. माणूस तक्रार करताना दोन्ही एकत्र मिसळून करतो, आणि ऐकणारा बहुतेक वेळा भलत्याच भीतीला उत्तर देत बसतो. ‘आता रस्त्यावर आपली भाषा ऐकूच येत नाही’ म्हणणाऱ्याला रोजगाराची आकडेवारी दाखवून काही उपयोग नाही. आणि मुलाला शाळेत जागा मिळाली नाही म्हणून संतापलेल्या आईला विविधतेचं महत्त्व सांगणं हा तिचा अपमान आहे.

वास्तव धोक्याची तक्रार असेल तर ती मनापासून तपासा. ती खरी निघू शकते. एखाद्या वस्तीत अचानक माणसं वाढली तर पाण्याचा दाब कमी होतो, दवाखान्यात रांग लांबते, भाडी चढतात. ते मान्य करा आणि ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्याकडे ती तक्रार न्या. जागा कमी असतील तर वर्ग वाढवून मागायचे. वर्गात कुणी बसायचं यावर भांडण लागलं की जागा वाढवण्याची जबाबदारी असलेला माणूस अलगद सुटतो.

आकडे तपासताना एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९८० मध्ये क्युबातल्या मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० लोक काही महिन्यांत अमेरिकेत आले. त्यांतले बरेच मायामीत राहिले आणि तिथलं मनुष्यबळ एकदम सुमारे सात टक्क्यांनी वाढलं. मजुरी कोसळणार, असंच कुणालाही वाटलं असतं. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये अभ्यास केला तेव्हा कमी कौशल्याच्या स्थानिक कामगारांच्या मजुरीवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी वेगळ्या पद्धतीने तपासली, शालेय शिक्षण पूर्ण न केलेल्या पुरुषांवर लक्ष केंद्रित केलं आणि त्यांची मजुरी घसरल्याचं मांडलं. तो वाद अजून चालू आहे. इतक्या बारकाईने अभ्यासलेल्या घटनेतही परिणाम ‘कुणावर, किती काळ, कसा मोजला’ यावर अवलंबून असतो. तेव्हा ‘त्यांच्यामुळे सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या’ असं कुणी ठामपणे सांगितलं तर तीन प्रश्न विचारा: कुणाच्या नोकऱ्या, कुठल्या काळात, आणि आधी किती होत्या? समोरच्याने ‘काहीच परिणाम झाला नाही’ असं ठोकून दिलं तर त्यालाही हेच तीन प्रश्न.

लोकांचा संख्येचा अंदाजही फार चुकतो. स्थलांतरितांचं प्रमाण किती असं विचारलं की अनेक देशांतले लोक खऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पुढचा आकडा सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३० कोटी ४० लाख होते. आकडा मोठा आहे, पण जगाच्या लोकसंख्येत त्याचं प्रमाण ३.७ टक्के. मात्र नुसता खरा आकडा सांगून भीती जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. आकडा चर्चेला जमिनीवर आणतो, त्यापुढचं काम माणसांनाच करावं लागतं.

प्रतीकात्मक भीतीला हसू नका. भाषा हरवेल, सण विरून जातील ही भीती प्रेमातून येते. तिला उत्तर द्यायचं तर ज्या गोष्टीवर ते प्रेम आहे ती जपायला लागा: भाषेचे वर्ग काढा आणि नव्याने आलेल्यांना पहिल्या बाकावर बसवा.

पायरी ३: नियम वागण्यावर लावा, माणसांच्या जातकुळीवर नको

सान फ्रान्सिस्कोत मार्च १९०० मध्ये चायनाटाउनमधल्या एका हॉटेलच्या तळघरात एका चिनी माणसाचा मृतदेह सापडला. प्लेगचा संशय आला. लगोलग पोलिसांनी चायनाटाउनभोवती दोर बांधले. गोऱ्या लोकांना बाहेर पडू दिलं, चिनी लोकांना आतच ठेवलं. पुढे मे महिन्यात आणखी एक फतवा निघाला: चिनी आणि जपानी लोकांनी हाफकिन यांची प्लेगची लस टोचून घेतल्याचा दाखला दाखवल्याशिवाय शहर सोडायचं नाही. ते शहरात कुठे राहतात, रुग्णाच्या संपर्कात आले होते का, हे कुणी विचारतच नव्हतं. चिनी रहिवासी कोर्टात गेले आणि जिंकले. मग पुन्हा चायनाटाउन बंद करण्यात आलं. जू हो नावाच्या किराणा व्यापाऱ्याने दावा लावला आणि जून १९०० मध्ये न्यायालयाने ती नाकेबंदीही रद्द केली. हद्द आखताना गोऱ्यांच्या मालकीच्या इमारती शिताफीने वगळल्या होत्या, हे तिथे उघडं पडलं. शिवाय रोगी आणि निरोगी हजारो माणसं एकाच दाट वस्तीत कोंडल्याने साथ पसरण्याचीच भीती जास्त होती.

त्या साथीत १९०४ पर्यंत सुमारे १२० माणसं दगावली. १९०६ च्या भूकंपानंतर प्लेग पुन्हा आला, तेव्हाचे बहुतेक रुग्ण गोरे होते. या वेळी रुपर्ट ब्लू या डॉक्टरच्या देखरेखीखाली शहरभर उंदीर मारण्याची मोहीम निघाली आणि १९०८ पर्यंत साथ आटोक्यात आली. रोग उंदरांच्या पिसवांमधून येत होता. माणसांच्या वंशाभोवती बांधलेल्या दोरांनी पिसवा अडत नाहीत.

यावरून स्वतःच्या संस्थेचा कोणताही आणीबाणीतला नियम तपासायची एक कसोटी घ्या. नियमातला माणूस बदलून पाहा. ‘बाहेरगावाहून आलेल्या प्रत्येकाने दहा दिवस वेगळं राहायचं’ हा नियम अध्यक्षांच्या परदेशातून आलेल्या मुलालाही लागणार आहे का? लागणार असेल तर तो वागण्याचा नियम. ‘मजुरांनी लिफ्ट वापरायची नाही’ हा मात्र वर्गाचा नियम आहे आणि त्याने रोग अडत नाही. हवाईतही युद्धाच्या काळात लष्करी कायदा होता: रात्रीची संचारबंदी, दिवेबंदी, ओळखपत्रं, बोटांचे ठसे. हा बडगा जाचक होता आणि जपानी वंशाच्या लोकांवर त्याचा जास्तीचा भार पडला. पण संचारबंदी, दिवेबंदी आणि ओळखपत्रं बेटावरच्या सगळ्यांनाच लागू होती, आणि त्यामुळे एका गटाला वेगळं काढणं हीच सुरक्षितता, असं समीकरण तिथे रुजलं नाही.

पायरी ४: अफवेला पहिल्या तासात गाठा

१ सप्टेंबर १९२३, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं. चुली पेटलेल्या असताना तोक्यो आणि योकोहामाला भूकंपाचा धक्का बसला. घरं लाकडी; आग पसरली आणि एक लाखाहून अधिक माणसं गेली. संध्याकाळपर्यंत कुजबुज सुरू झाली होती: कोरियन लोक आगी लावताहेत, विहिरींत विष कालवताहेत. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती आणि मजुरीसाठी आलेले कोरियन कामगार शहरांच्या कडेला राहत होते. अफवेला पुरावा काहीच नव्हता. पण सरकारी तारांमधूनही तीच अफवा पुढे पाठवली गेली आणि तिला अधिकृतपणाचा शिक्का बसला. गल्लोगल्ली पहारेकऱ्यांची टोळकी उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे जपानीत म्हणायला लावायचे. कोरियन जिभेला त्यातले उच्चार अवघड जातात. अडखळला की मारायचे. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण हत्या हजारोंच्या घरात झाल्या. चिनी कामगार मारले गेले, आणि बोली वेगळी म्हणून दूरच्या प्रांतातले जपानी फिरते औषधविक्रेतेही मारले गेले. परक्यांसाठी लावलेली चाळणी आपल्यांनाही सोडत नाही, याचा इतका थेट दाखला दुसरा मला माहीत नाही.

त्याच दिवसांत योकोहामाजवळच्या त्सुरुमी इथल्या पोलीस ठाण्याचे प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी सुमारे ३०० कोरियन लोकांना ठाण्यात आसरा दिला. बाहेर जमाव होता. विष घातलेलं म्हणून जमावाने आणलेलं पाणी त्यांनी सगळ्यांच्या देखत पिऊन दाखवलं, असं सांगतात. लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि ज्याचं ऐकायची सवय होती त्याच माणसाला पाहिलं, म्हणून त्याचा परिणाम झाला. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ या छापील आवाहनाने ते झालं नसतं.

अफवा आली की क्रम असा ठेवा. आधी तिचा उगम विचारा, आणि तोही मूळ पाठवणाऱ्याला, सगळ्यांसमोर पण सौम्य भाषेत: ‘हे तुम्ही पाहिलंत की कुणी सांगितलं? मी तपासून तासाभरात कळवतो, तोवर पुढे पाठवू नका.’ मग खरंच तपासा. संबंधित माणसाला फोन करा, जागेवर जा, पाण्याचा नमुना घ्या. तासाभरात, दिलेल्या शब्दाप्रमाणे, उत्तर द्या. उत्तरात आधी खरी गोष्ट सांगा आणि अफवेचं वाक्य जसंच्या तसं पुन्हा पुन्हा उगाळू नका. वारंवार कानावर पडलेलं खोटंही ओळखीचं आणि म्हणून खरं वाटू लागतं. उत्तर देणारा माणूस ऐकणाऱ्यांच्या विश्वासातला हवा. बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा पंचवीस वर्षं त्याच वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांचं एक वाक्य जास्त काम करतं.

आणि अफवा खरी निघाली तर? एखाद्या स्थलांतरिताने खरोखर गुन्हा केला असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगा: गुन्हा कुणी केला, पोलिसांनी काय केलं. लपवलेली एक खरी गोष्ट पुढच्या दहा खोट्या गोष्टींना बळ देते.

पायरी ५: पहिलं जाहीर वाक्य आपलं असू द्या

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि नेमकी हीच लोक टाळतात, कारण इथे नाव पुढे करून बोलावं लागतं.

माणूस काय मानतो आणि काय बोलून दाखवतो यांत अंतर असतं. क्रिस क्रँडल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की लोक उघडपणे व्यक्त करतात तो पूर्वग्रह, आणि ‘हा पूर्वग्रह बाळगणं चालतं’ असं त्यांना समाजाविषयी वाटतं ते, यांचा जवळपास एकास एक मेळ बसतो. पुढे लिओनार्डो बुर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीच्या आसपास एक प्रयोग केला. स्थलांतरितांच्या विरोधातल्या एका संस्थेला देणगी द्यायची होती. गुपचूप द्यायची असेल तर तयार होणारे लोक जास्त होते. नाव कळणार म्हटल्यावर कमी. पण त्यांच्या राज्यात डोनाल्ड ट्रम्प नक्की जिंकणार असं ज्यांना आधी सांगितलं, त्यांच्यात हे अंतर नाहीसं झालं. मतं काल होती तीच होती. चारचौघांत बोलायचा संकोच तेवढा गेला. संकटात हेच होतं, फक्त फार वेगाने. कुणीतरी वजनदार माणूस पहिलं विषारी वाक्य बोलतो आणि बाकीच्यांना कळतं की आता हे चालतं.

दुसऱ्या बाजूनेही हेच सूत्र काम करतं. बहुतेकांना एखादी गोष्ट पटलेली नसते, पण बाकी सगळ्यांना ती पटली आहे असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून सगळे गप्प बसतात. एकाने तोंड उघडलं की हा गैरसमज फुटतो. २१ डिसेंबर १९४१ रोजी, हल्ल्याला दोन आठवडे झाले असताना, हवाईचे लष्करी गव्हर्नर, जनरल डेलोस एमन्स, रेडिओवर बोलले आणि जपानी वंशाच्या लोकांसाठी सामूहिक छावण्या उभारण्याचा हेतू नाही असं त्यांनी सांगून टाकलं. नंतर वॉशिंग्टनहून दबाव आला तेव्हा त्यांनी वेळकाढूपणा करत तो थोपवून धरला. एकदा जाहीर बोलून गेल्यावर त्यांना आणि इतरांना मागे फिरणं अवघड झालं होतं.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांत ॲरिझोना राज्यातल्या मेसा शहरात एका शीख पेट्रोलपंप मालकाला पगडीमुळे गोळी घालण्यात आली. १७ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि मुस्लिम नागरिकांना धमकावणं अमेरिकी मूल्यांना धरून नाही असं त्यांनी तिथून जाहीर केलं. एफबीआयच्या नोंदींत मुस्लिमविरोधी द्वेषगुन्हे २००० मध्ये २८ होते, २००१ मध्ये ४८१ झाले, २००२ मध्ये १५५ वर आले. एका भाषणाने आकडा खाली आला असा दावा करता येणार नाही. २००२ चा आकडाही आधीच्या पाचपटीहून जास्त होता, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून आपल्या पातळीवरचं वाक्य आधीच लिहून ठेवा. त्यात तीन गोष्टी हव्यात: धोका खरा आहे याची कबुली, सगळ्यांना लागू असलेला एखादा ठोस नियम, आणि कुणाला लक्ष्य केलेलं चालणार नाही हे स्पष्ट शब्दांत. उदाहरणार्थ: ‘आपल्या भागात ताप पसरतोय आणि तो गंभीर आहे. ज्याला ताप येईल त्याने घरी थांबायचं, मग तो कुणीही असो. डबा आणि औषध आम्ही पोचवू. कुणाच्या गावावरून किंवा भाषेवरून त्याला अडवलं तर समिती ते खपवून घेणार नाही.’ उपदेश नाही, इतिहासाचे दाखले नाहीत. खाली एकाऐवजी पाच जणांची नावं घाला, आणि ती वेगवेगळ्या थरांतली असू द्या.

याची किंमत मोजावी लागू शकते, हे आधी सांगणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं. कोलोराडोचे गव्हर्नर राल्फ कार यांनी १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरून हलवलेल्या जपानी वंशाच्या लोकांच्या नागरी हक्कांची उघड बाजू घेतली. त्याच वर्षी सिनेटच्या निवडणुकीत ते थोडक्यात हरले. एकटा बोललेला माणूस पडतो. म्हणूनच पाच नावं.

पायरी ६: संकट नसताना ओळखी करून ठेवा

हवाईतल्या संयमामागे स्वार्थही होता. ऊसमळे, बंदरं आणि बांधकाम जपानी वंशाच्या कामगारांशिवाय ठप्प झालं असतं. पण दुसरं कारणही होतं. युद्धाच्या आधीच, १९४० च्या अखेरीला, वेगवेगळ्या वंशांच्या लोकांनी मिळून तिथे एक समिती काढली होती. युद्ध भडकलं तर बेटावरची माणसं एकमेकांविरुद्ध उठू नयेत हा तिचा हेतू. हल्ला झाला तेव्हा लष्कराला आणि पोलिसांना कुणाला फोन करायचा हे माहीत होतं. पश्चिम किनाऱ्यावर बलाढ्य शेतकरी संघटनांना जपानी शेतकऱ्यांची स्पर्धा आधीपासूनच नको होती. कॅलिफोर्नियात तर जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला १९१३ पासून शेतजमीन विकत घेण्याची बंदी होती. तिथे फोन गेले ते या मंडळींचे.

नुसतं एकत्र बसवल्याने मात्र ओळख होत नाही. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली. वैर पेटल्यावर त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी अन्नच एकमेकांवर फेकलं. मग शिबिराचं पाणी बंद पडलं, अन्न आणणारा ट्रक अडला, आणि दोन्ही गटांनी मिळून खटपट केल्याशिवाय कुणाचंच भागेना. अशी काही कामं झाल्यावर तणाव उतरला. गॉर्डन ऑलपोर्ट यांनीही त्याच वर्षी अशा संपर्काच्या चार अटी सांगितल्या: दोन्ही बाजूंचा दर्जा सारखा, उद्दिष्ट एक, काम सहकार्याचं, आणि वरच्यांचा पाठिंबा. थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले आणि संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो असा निष्कर्ष काढला. अटी पाळल्या तर जास्त.

तेव्हा नव्यांना स्वागत समारंभात हार घालून पहिल्या रांगेत बसवण्यापेक्षा त्यांना कामाच्या समितीत घ्या: पाण्याच्या, सुरक्षेच्या, मुलांच्या खेळांच्या. हिशेबाची वही त्यांच्याही हातात द्या. मर्यादाही ओळखा. सलमा मूसा यांनी इराकमध्ये, इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांनी विस्थापित झालेल्या ख्रिश्चन फुटबॉलपटूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घातले. मोसमानंतर मुस्लिम सहकाऱ्यांशी त्यांचं वागणं सुधारलं. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांविषयी मात्र फारसा फरक पडला नाही. मैत्री आपोआप सगळीकडे झिरपत नाही. म्हणून तिच्या जोडीला पाचव्या पायरीवरचे जाहीर नियम लागतातच.

पायरी ७: घाबरलेल्या माणसाशी एकेकटं बोला

जाहीर विधान करताना ठाम राहायचं, खासगीत ऐकून घ्यायचं. या दोन्हींची गल्लत झाली की काम बिघडतं. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रुकमन यांच्या २०२० च्या प्रयोगांत कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन स्थलांतरितांविषयी गप्पा मारल्या. न्यायनिवाडा न करता ऐकणं आणि एकमेकांचे अनुभव सांगणं, एवढंच. परिणाम लहान होता पण किमान चार महिने टिकला. नुसत्या युक्तिवादाने तो साधला नाही.

अशा गप्पा सुरू करायला एक प्रश्न पुरतो: ‘तुम्हाला कधी अनोळखी ठिकाणी मदतीची गरज पडली होती का?’ मग गप्प बसा. माणूस नोकरीचं पहिलं शहर, दवाखान्यातली रात्र, चुकलेली गाडी असं काहीतरी सांगू लागतो. त्याचं झाल्यावर आपलं किंवा आपल्या ओळखीच्या स्थलांतरिताचं सांगा. निष्कर्ष त्यालाच काढू द्या.

पायरी ८: आवळलेला नियम सोडवायची तारीख आधी लिहा

जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानी आरमाराचं कंबरडं मोडलं आणि पश्चिम किनाऱ्यावर हल्ल्याची शक्यता जवळजवळ मावळली. छावण्या तरीही सुरूच राहिल्या; शेवटची १९४६ मध्ये बंद झाली. धोका ओसरतो पण त्यासाठी केलेले नियम आपणहून जात नाहीत, कारण तोवर कुणाला तरी त्यांची सवय आणि कुणाला त्यांचा फायदा झालेला असतो. म्हणून संकटकाळातला प्रत्येक नियम लिहिताना त्याच कागदावर शेवटची तारीख घाला. मुदत वाढवायची असेल तर नव्याने बैठक, नव्याने कारण, आणि ज्यांच्यावर नियमाचा भार पडतो त्यांचा एक माणूस त्या बैठकीत हजर.

तारीख आल्यावर नुकसानीची यादी करा. कुणाचं काम सुटलं, कुणाला घर सोडावं लागलं, कुणाच्या मुलांनी शाळा सोडली. अमेरिकेने छावण्यांतून जिवंत राहिलेल्यांची १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. तोवर चार दशकं उलटली होती आणि कित्येक जण हयात नव्हते. आपल्या वस्तीत किंवा संस्थेत इतकं थांबायचं कारण नाही. संबंधित माणसांना त्यांच्या भाषेत विचारा, जे देणं लागतं ते द्या, चूक कोणत्या निर्णयात होती ते इतिवृत्तात नोंदवा, आणि ते पान पुढच्या समितीच्या हाती पहिल्याच दिवशी द्या.